शैलाचं हिरवं युकुलेले

मीरा आणि ओम,

गेल्या रविवारी तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी फोनवर दिलं नाही. तिकडे टोरांटोला ओमच्या शाळेत सप्टेंबरपासून युकुलेले, ते छोट्या गिटारसारखं वाद्य, शिकवणार आहेत, प्रत्येकाने आपापलं आणायचं आहे, फार महाग घ्यायचं नाही पण वर्षभरात मोडलेलंही चालणार नाही, एवढं मला नीट कळलं होतं. मग ओम म्हणाला, "शैलाआजीचं ते हिरवं होतं ना, तसंच हवं." मी म्हटलं, शैलाआजीचं तपकिरी होतं. तुम्ही दोघंही एकदम म्हणालात, "नाही आजी, हिरवं." आवाज तुटतोय असं सांगून मी फोन ठेवला. आवाज तुटत नव्हता.

त्या रविवारी शैलाआजीला जाऊन पाच आठवडे झाले होते. तपकिरी युकुलेले मी स्वतः निवडून तिला दिलं होतं. त्याच्या रंगाबद्दल माझी चूक होणं शक्य नव्हतं, आणि तुम्ही दोघं मिळून एकच चूक कराल हेही पटेना. म्हणून या आठवड्यात मी बदलापूरला जाऊन आले आणि तिथून उल्हासनगरला. आता मला उत्तर माहीत आहे. पण ते सरळ तुम्हाला लिहायला घेतलं की त्याची यादी होते, आणि त्या यादीत शैला कुठेच येत नाही. तेव्हा मी हे तिला लिहिते आहे. तुम्ही वाचा. ओमला बाबाने वाचून दाखवावं. दुकानात जाण्यापूर्वी जे माहीत असायला हवं ते सगळं यात आहे.

शैला,

तू माझ्या दिराची बायको म्हणून घरात आलीस त्याला चाळीस वर्षं झाली. मी इंग्रजी माध्यमातली, शाळेत शिकवणारी थोरली जाऊ. तू बदलापूरजवळच्या गावातली, भातशेतीच्या घरातली धाकटी. घरात एखादी वस्तू आणायची झाली की ती कोणी निवडायची हे त्या पहिल्या वर्षीच ठरून गेलं. मिक्सर, गाद्या, मुलांच्या शाळा, पुढे तुमचा बदलापूरचा फ्लॅटसुद्धा. तू म्हणायचीस, "वैनी, मला काय कळतंय त्यातलं. तुम्ही वाचता, तुम्हीच ठरवा." आणि मी ठरवत असे. कागदावर रकाने आखून, प्रत्येक वस्तूला गुण देऊन. यात तुझ्यावर कधी जबरदस्ती झाली असं मला वाटलं नव्हतं. आजही तशी ती झाली असं नाही. पण तू गप्प का राहायचीस हे मी कधी विचारलं नाही, हे खरं.

भाऊजी गेले त्यानंतरच्या वर्षी तुमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये युकुलेलेचा वर्ग सुरू झाला. फलकावर लिहिलं होतं, वय सहा ते साठ. तू तेव्हा पासष्टची होतीस. फॉर्मवर साठ लिहून आलीस आणि मला फोन करून सांगितलंस.

"फॉर्मवर खोटं वय घातलंस?" मी म्हटलं.

"वैनी, तुणतुण्याला आधार कार्ड कोण मागतंय?"

"तुणतुण्याला एक तार असते. याला चार असतात."

"मग चौपट मजा."

वर्गात सतरा मुलं आणि तू. मुलं तुला आजी म्हणायची आणि तुझ्या वहीतून कॉर्ड, म्हणजे कोणत्या तारांवर बोटं कुठे ठेवायची ते, उतरवून घ्यायची. तुझं अक्षर चांगलं होतं. वर्षानुवर्षं उल्हासनगरहून येणाऱ्या जीन्सच्या गठ्ठ्यांचे धागे घरी बसून कापल्यामुळे तुझ्या बोटांची टोकं आधीच टणक झालेली. बाकीच्यांची बोटं पहिले पंधरा दिवस हुळहुळत होती. तुझी दुखली नाहीत, हे तू मला दोनदा सांगितलंस. दुसऱ्यांदा जरा तोऱ्यात.

पहिले दोन महिने तू वर्गातलं वाद्य वापरलंस. मग स्वतःचं घ्यायचं ठरलं आणि अर्थात ते काम माझ्याकडे आलं.

मी तीन आठवडे वाचलं. रकाने आखले: लाकूड, खुंट्या, तारा, हमी, लोकांची मतं. सगळीकडे लिहिलं होतं की खऱ्या, अखंड लाकडाचं घ्यावं. प्लाय स्वस्त असतं पण आवाज बसका येतो, अखंड लाकडाचा आवाज वर्षागणिक खुलत जातो. मोठ्या माणसाने मोठ्या मापाचं घ्यावं, त्यातल्या त्यात टेनर. मला ते सगळं पटलं. वस्तू एकदाच घ्यावी आणि चांगली घ्यावी, हे मी जन्मभर सांगत आले. यावर तुझ्या भात्यात एकच बाण होता, तो तू माझ्या काचेच्या कपांवरून आणि कपाटातल्या पैठणीवरून कितीदा तरी सोडला होतास: "वैनी, चांगली वस्तू सांभाळायला एक माणूस लागतं." आपला हा वाद कधी मिटला नाही. मी याला वाद म्हणते. तू बहुतेक गंमत म्हणत असशील.

तुझ्या वाढदिवसाला मी ते तपकिरी युकुलेले घेऊन आले. कडक पेटीत, आत मखमल. त्याच्या किमतीत साध्यातली चार आली असती, पण तो आकडा मी तुला सांगितला नाही. तू पेटी उघडलीस, वास घेतलास, म्हणालीस, "देवघरात ठेवावं असं आहे." मी हे कौतुक म्हणून घेतलं.

त्यानंतर मी दर महिन्याला एकदा तरी बदलापूरला यायची. चहा झाला की मी म्हणायची, वाजव बघू. तू आतून पेटी आणायचीस, पुसायचीस, मांडीवर घ्यायचीस आणि अडखळायचीस. बोट मानेवरच्या एका आडव्या पट्टीपाशी, पडद्यावर, ठेवायचं ते शेजारच्या पडद्यावर पडायचं. एका कॉर्डवरून दुसऱ्यावर जाताना मध्ये एवढा वेळ जायचा की गाण्याची ओळ विसरायला व्हायचं. तीन वर्षं मी हेच ऐकलं. मी शिक्षिका होते, मला वाटलं विद्यार्थिनीची कुवत मला कळते. घरात मी सगळ्यांना सांगितलं, शैलाला हौस आहे, पण फारसं जमलेलं नाही.

आणि शेवटचं आपण भेटलो तेव्हा, दवाखान्याच्या चकरा सुरू होण्याआधी, मी तुलाच म्हणाले, "आता ते पुढच्या पिढीतल्या कुणाला तरी दे. चांगली वस्तू पडून राहते आहे. तुला कुठे जमतंय?"

तू म्हणालीस, "देईन की. ज्याला पाहिजे त्याला देईन." मग मला चकल्यांचा डबा दिलास.

मीराने फोनवर आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती मी वर लिहिली नाही. ती म्हणाली, तू व्हिडिओ कॉलवर ओमच्या फर्माइशी घ्यायचीस. तो गुणगुणायचा आणि तू मागून वाजवायचीस, न थांबता. हे माझ्या माहितीतल्या शैलाशी जुळत नव्हतं. रंगापेक्षाही हे जास्त.

तर मंगळवारी मी बदलापूरला गेले. तुझ्या सुनेने, प्राचीने, चहा ठेवला. मी म्हटलं, "शैलाचं युकुलेले जरा बघायचं होतं."

ती म्हणाली, "काकू, कुठलं? तुमचंवालं की आईंचंवालं?"

तिला वाटलं मला ऐकू आलं नाही, म्हणून तिने मोठ्याने पुन्हा विचारलं. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून तिच्या लक्षात आलं असावं.

"तुम्हाला माहीत नव्हतं?"

"दोन्ही आण," मी म्हटलं.

तपकिरी पेटीत होतं, तू ठेवायचीस तसं, वर मलमलचा रुमाल. हिरवं स्वयंपाकघराच्या दाराला टांगलेल्या पिशवीत होतं. पिशवी जीन्सच्या कापडाची, तू शिवलेली, आत जुन्या गोधडीचा थर. युकुलेले माझ्यावाल्यापेक्षा वीतभर नसलं तरी चार बोटं आखूड. पोपटी नव्हे, शाळेच्या बाकांना पूर्वी देत तसला हिरवा रंग. खालच्या कडेला दोन पोचे. जिथे तुझं मनगट टेकत असणार तिथला रंग रुपयाएवढा गेलेला आणि खालचं लाकूड दिसत होतं. पहिल्या तीन पडद्यांवर तारांखाली खाचा पडल्या होत्या. अशा खाचा पडायला काय करावं लागतं ते मी नंतर दुकानात विचारलं. रोज वाजवावं लागतं.

प्राची सांगत होती, "भाजी शिजेपर्यंत वाजवायच्या. कुकरच्या तीन शिट्ट्यांत दोन गाणी. एकदा ओट्यावरून पडलं तर म्हणाल्या, काही नाही होत, ते माझ्यासारखं आहे." मग म्हणाली, "तुम्ही यायच्या आधी पिशवी आमच्या खोलीत ठेवायच्या. मी एकदा म्हटलं, आई, सांगून टाका ना काकूंना. तर म्हणाल्या, 'वैनीनं किती वाचून आणलंय.'"

मी तपकिरी उचलून खिडकीपाशी नेलं. पुढच्या फळीवर, खालच्या बाजूला, तारा जिथे बांधतात त्या घोडीपासून कडेपर्यंत केसासारखी एक रेघ होती. तीन वर्षं मी ते वाद्य समोर बसून पाहिलं होतं. रेघ पाहिली नव्हती. प्राचीला त्याबद्दल काही माहीत नव्हतं. तिला फक्त हिरव्याचं दुकान माहीत होतं.

ते दुकान उल्हासनगरला फर्निचरच्या बाजारामागच्या गल्लीत आहे. ढोलक्या, बँडची पितळी वाद्यं, दुरुस्तीला आलेल्या बाजाच्या पेट्या आणि त्यांच्या मधोमध स्टुलावर एक वयस्क सिंधी गृहस्थ. मी पिशवी काउंटरवर ठेवली. मी काही बोलायच्या आधी ते पिशवीकडे बघून म्हणाले, "ये तो बदलापूरवाली ताई का है. ताई नहीं आई?"

मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग हिरवं बाहेर काढून एकदा सगळ्या तारांवरून अंगठा फिरवला आणि सवयीने हात खुंटीकडे नेला.

"राहू द्या," मी म्हटलं. "लावू नका."

त्यांनी हात मागे घेतला. का, असं विचारलं नाही.

शैला, तू ते कसं निवडलंस हे मला त्यांच्याकडून कळलं. दुकानातली सात युकुलेले काढायला लावलीस. वाजवायच्या आधी प्रत्येकाच्या मानेच्या दोन्ही कडांवरून अंगठा वरपासून खालपर्यंत फिरवलास, पडद्याच्या पत्र्याचं टोक कुठे बाहेर आलंय का ते बघायला. ज्याचं टोक लागलं ते बाजूला. ते म्हणाले, "मैंने बोला, ताई, जीन्स चेक कर रही हो क्या? बोली, 'मग काय. शिलाई बघतेय.'" मग खुंट्या. ज्यांच्या मागे छोटं दातेरी चक्र असतं त्या ठेवल्यास, नुसत्या दाबून बसवलेल्या नकोत म्हणालीस, कारण त्या घसरतात आणि सूर उतरतो. मग प्रत्येक तार मोकळी छेडून नंतर बाराव्या पडद्यावर दाबून छेडलीस. तोच सूर वरच्या सप्तकात यायला हवा, हे तुला वर्गात शिकवलं होतं. ज्यात तो बेसूर आला ती दोन गेली. शेवटी दोन उरली, एक गुलाबी आणि एक हिरवं. तू रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवून बाराव्या पडद्यापाशी तारेखाली सरकवून पाहिलीस. गुलाबीच्या तारा त्याहून बऱ्याच उंच होत्या, दाबायला जोर लागला असता. हिरवं राहिलं.

"प्लाय का है, बताया था मैंने," ते म्हणाले. "बोला, आवाज़ थोड़ा कम मीठा है. मगर गिरेगा, भीगेगा, गरमी में रहेगा, कुछ नहीं होगा. ताई बोली, 'मग माझ्याच घरचं आहे.'"

माझ्या कागदावर पाच रकाने होते. तुझं स्वयंपाकघर त्यांतल्या एकाही रकान्यात नव्हतं, तुझ्या हाताचं मापही नव्हतं. पश्चिमेच्या उन्हाची तळमजल्याची खोली, मे महिन्यात भट्टी आणि जुलैत भिंतीला ओल, हे मला माहीत होतं, फ्लॅट मीच पसंत केला होता. अखंड लाकूड हवेबरोबर फुगतं आणि आकसतं. पहिल्याच मे महिन्यात तपकिरी तडकलं.

ते तू त्याच दुकानात घेऊन गेलीस. त्यांना म्हणालीस, असं भरा की कोणाला दिसायला नको. ते म्हणाले, "मैंने बोला, जिसने दिया उसको बोल दो ना. गॅरंटी में होगा. बोली, 'नको. तिचा कागद चुकेल.'" मग त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "आप ही हैं वैनी?"

"हो."

"दरार दिखी थी आपको?"

"आजपर्यंत नाही."

"अच्छा काम किया था," ते म्हणाले, आणि त्यांना बरं वाटलेलं दिसलं.

तिथून घरी, अंबरनाथला, येताना शेअर रिक्षात मी एकच हिशेब करत होते. हातात रोज आखूड मानेचं वाद्य असेल तर लांब मानेच्या वाद्यावर बोट चुकणारच. तू माझ्यासमोर अडखळायचीस कारण माझं युकुलेले तू फक्त माझ्यासमोर वाजवायचीस. महिन्यातून एकदा. म्हणजे तीन वर्षं तू मला वाईट वाजवून दाखवलंस आणि मी घरभर सांगत फिरले की तुला जमत नाही, आणि तेही तू ऐकून घेतलंस. माझी निवड चुकली असं म्हणण्यापेक्षा आपल्याला जमलं नाही असं म्हटलेलं तुला चाललं.

हे मी अनेक बाजूंनी पाहिलं. तू मला भीत होतीस का? तसं असेल तर चाळीस वर्षांचा दोष माझा. तुला माझी दया आली का? ते जास्त कठीण आहे. की तुला हे एवढं मोठं वाटतच नव्हतं, कुकरच्या शिट्ट्यांएवढंच, आणि मीच त्याला मोठं करते आहे? तू हसली असतीस आणि विषय चकल्यांवर नेला असतास. मला ठरवता येत नाही, आणि ज्याच्याकडे उत्तर होतं ते माणूस आता नाही. एवढं मात्र लिहून ठेवते: मी तुझं वाजवणं कधी ऐकलं नाही. ओमने ऐकलं. मला त्याचा हेवा वाटतो.

घरातल्या ज्या ज्या माणसाला मी सांगितलं होतं की शैलाला जमत नाही, त्या प्रत्येकाला मी फोन केला. एकूण सहा जण. पाच जणांना माझं आधीचं बोलणं आठवतही नव्हतं. सहावे, आपले पुण्याचे मामेसासरे, म्हणाले, "अगं, ती तर छान वाजवायची. मला फोनवर ऐकवायची की."

आता ओमसाठी. तुझ्या पद्धतीने.

ओम दहा वर्षांचा आहे, म्हणून त्याला सर्वांत लहान माप, सोप्रानो, चालेल, पण तो भराभर वाढतो आहे, तेव्हा त्याहून एक माप मोठं, कॉन्सर्ट, घ्यावं. तुझं तेच होतं. टेनर नको. लाकूड प्लायचं. तिकडे टोरांटोला हिवाळाभर हीटर चालतात, घरातली हवा आपल्या मे महिन्याहून कोरडी असते, अखंड लाकूड तिथेही तडकेल. रंग कोणताही. त्याने दुकानात स्वतः जावं आणि मानेच्या कडांवरून अंगठा फिरवावा. खुंट्यांमागे दातेरी चक्र असावं. बारावा पडदा तपासावा. रुपयाची दोन नाणी मी पाकिटातून पाठवते आहे, ती तारेखाली सरकवून बघावीत. अगदी स्वस्तात, खेळण्यांच्या दुकानात मिळतं ते घेऊ नये, ते कधीच सुरात लागत नाही आणि मूल स्वतःला दोष देतं. नव्या तारा पहिले आठ-दहा दिवस सारख्या उतरतात, त्या ताणत असतात. वाद्य बिघडलं असं समजून परत करू नये, रोज पुन्हा लावावं. हीटरजवळ ठेवू नये. कपाटात ठेवू नये. जिथे जाता-येता हात लागेल तिथे टांगावं.

ओम विचारेल की तुझं हिरवंच त्याला का पाठवत नाही. विचार केला होता. ज्याला पाहिजे त्याला देईन, असं तू म्हणाली होतीस. मलाही ते पाहिजे आहे. सोसायटीतला वर्ग अजून चालतो, दर शनिवारी. मी फॉर्म भरला आहे आणि वय खरं लिहिलं आहे, एकाहत्तर. त्यांनी काही म्हटलं नाही. तपकिरी मी वर्गाला देऊन टाकलं. तिथे लांब हाताची एक मुलगी आहे, तिला ते बसतं. रेघ मी तिला दाखवली.

हिरवं माझ्या स्वयंपाकघराच्या दाराला आहे, तुझ्याच पिशवीत. आज सकाळी फोनवरच्या सूर दाखवणाऱ्या यंत्राने एकेक तार तपासली. तिसरी किंचित उतरली आहे. बाकीच्या तीन तू लावल्या होत्यास तशाच आहेत.